त्सुनामी कशी तयार होते? आणि ५२४ मीटर उंच लाट खरंच आली होती का?

त्सुनामीचा विषय निघाला की इंटरनेटवर एक आकडा हमखास समोर येतो. ५२४ मीटर. पॅरिसचा आयफेल टॉवर ३३० मीटरचा आहे. म्हणजे त्या टॉवरवर आणखी अर्ध्याहून जास्त टॉवर चढवला, तर जेवढी उंची होईल तेवढी. आकडा खोटा नाही. अलास्कातल्या लिटुया बे नावाच्या खाडीत ९ जुलै १९५८ च्या रात्री पाणी खरोखरच तेवढ्या उंचीवर पोहोचलं होतं. त्या खाडीत दोन जणांचा जीव गेला.

आता दुसरा आकडा. २६ डिसेंबर २००४ ला हिंदी महासागरात त्सुनामी निघाली, तेव्हा जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने तिच्यावरून गेला. भूकंपाला तेव्हा साधारण दोन तास झाले होते. उपग्रहाने मोजलेली लाटेची उंची होती सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्याच्या थोडी वर. त्याच लाटेने १४ देशांत सुमारे २ लाख ३० हजार माणसं मारली.

त्यामुळे 'त्सुनामी किती उंच असते?' या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. ती तयार कशी होते, हे आधी समजून घ्यावं लागतं.

परातीला खालून धक्का

समुद्रावर रोज दिसणाऱ्या लाटा वारा तयार करतो. परातीत पाणी घेऊन वरून फुंकर मारली तर तरंग उठतात, तसंच. हे तरंग वरवरचे असतात. समुद्रात कितीही मोठं वादळ असलं तरी काहीशे मीटर खाली पाणी जवळपास शांत असतं.

तीच परात खालून हाताने ठोसून पाहा. तळापासून वरपर्यंत सगळं पाणी एकदम हलतं. त्सुनामी म्हणजे हे दुसरं प्रकरण. समुद्राचा तळ अचानक वर उचलला जातो किंवा खाली बसतो आणि त्याच्यावरचा चार-पाच किलोमीटर जाडीचा पाण्याचा थर त्याच्यासोबत हलतो. पाणी दाबून लहान होत नाही. त्यामुळे तळाशी जो उंचवटा तयार झाला, जवळपास तसाच तो पृष्ठभागावरही उमटतो. मग गुरुत्वाकर्षण तो उंचवटा सपाट करू लागतं आणि पाणी चारी दिशांना पसरत जातं. हीच त्सुनामी.

तळ उचलला का जातो? पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाजवळ आपला भारतीय भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाच्या खाली घुसतो आहे. वेग वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे नखं वाढतात साधारण तितका. अडचण अशी की हे सरकणं सुरळीत होत नाही. दोन्ही भूपट्ट एकमेकांत अडकतात. खालचा पुढे जातच राहतो आणि वरच्याची कड सोबत खाली ओढत नेतो. शेकडो वर्षं हा ताण साठत जातो आणि एक दिवस अडकलेला भाग सुटतो. दाबून धरलेली पट्टी सोडल्यावर उसळते, तशी वरच्या भूपट्टाची कड उसळून वर येते.

२००४ मध्ये भारतीय वेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांनी हेच झालं. भूकंप ९.१ तीव्रतेचा होता. सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग सुटत गेली. मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाच्या लांबीपेक्षा हे अंतर थोडंच कमी आहे आणि एवढं सगळं घडायला लागली जेमतेम दहा मिनिटं. समुद्रतळ अनेक ठिकाणी काही मीटर वर आला. 'काही मीटर' हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण शेकडो किलोमीटर लांबरुंद समुद्र एकाच वेळी तेवढा उचलणं म्हणजे किती पाणी हललं असेल, याचा अंदाज करून पाहा.

समुद्राखालचा प्रत्येक मोठा भूकंप त्सुनामी आणत नाही. ११ एप्रिल २०१२ ला त्याच सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नईत लोक इमारती सोडून रस्त्यावर आले, इशारे निघाले. पण समुद्राची पातळी एखाद्या मीटरच्या आसपासच हलली, तीही इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर. कारण त्या भूकंपात खडक एकमेकांना घासून आडवे सरकले होते. तळ वर-खाली झालाच नाही, तर पाणी उचलणार कोण? त्यामुळे भूकंपाची बातमी आली की नुसती तीव्रता पाहून घाबरू नये. तो किती खोल झाला आणि जमीन कोणत्या दिशेने हलली, हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

विमानाच्या वेगापासून धावपटूच्या वेगापर्यंत

त्सुनामीचा वेग ठरतो फक्त पाण्याच्या खोलीवरून. सूत्र शाळेतल्या गणितापलीकडचं नाही: खोलीला गुरुत्वीय त्वरणाने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. खोली ४,००० मीटर असेल तर वेग येतो ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे प्रवासी विमानाच्या जवळपास. किनाऱ्याजवळ खोली १० मीटर उरली की तोच वेग ताशी ३६ किलोमीटरवर येतो. उसेन बोल्टने १०० मीटरची शर्यत ज्या सरासरी वेगाने जिंकली, तोही साधारण इतकाच. म्हणजे 'लाट दिसली की पळू' हा बेत आपल्यापैकी कुणाच्याही कामाचा नाही.

वेग कमी होतो, पण लाटेतली ऊर्जा कुठे जात नाही. लाटेचा पुढचा भाग उथळ पाण्यात मंदावतो, मागचा भाग अजून खोल पाण्यातून जोरात येत असतो. घाटात पुढची गाडी हळू झाली की मागे गाड्या एकमेकींना भिडतात, तसं पाणी एकावर एक चढतं आणि लाट उंच होते. फक्त खोलीचा हिशेब केला तर ४,००० मीटरवरून १० मीटरवर येताना लाटेची उंची साधारण साडेचार पट होते. भर समुद्रात अर्धा मीटर असलेली लाट किनाऱ्याजवळ सव्वादोन मीटर. त्यापुढे किती वाढायचं, ते किनाऱ्याच्या आकारावर अवलंबून.

भर समुद्रातल्या जहाजाला मात्र यातलं काहीच कळत नाही. साध्या लाटेच्या दोन शिखरांमध्ये काही मीटर ते काहीशे मीटरचं अंतर असतं. त्सुनामीत ते शंभर-दोनशे किलोमीटरही असू शकतं. जहाज अर्धा मीटर वर जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत खाली येतं. कुणाच्या हातातला चहाही हिंदकळत नाही.

'त्सुनामी' हा शब्द जपानी आहे. 'त्सु' म्हणजे बंदर आणि 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट हे नाव विचित्र वाटतं, पण १५ जून १८९६ ला जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर जे घडलं ते वाचलं की ते पटतं. त्या संध्याकाळी भूकंपाचा धक्का इतका सौम्य होता की लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने आलेली त्सुनामी काही ठिकाणी ३८ मीटरपर्यंत चढली आणि सुमारे २२ हजार माणसं गेली. मासेमारीला खोल समुद्रात गेलेल्या लोकांना काही जाणवलंच नव्हतं. ते परतले तेव्हा बंदरात गावांचे अवशेष आणि माणसांची प्रेतं तरंगत होती.

उंची म्हणजे नेमकी कोणती उंची?

इथेच बातम्यांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. त्सुनामीची 'उंची' किमान तीन प्रकारे सांगितली जाते. एक, किनाऱ्यापाशी समुद्राची पातळी नेहमीपेक्षा किती वाढली. दोन, एखाद्या जागी जमिनीवर किती खोल पाणी होतं. तीन, पाणी डोंगर-टेकडी चढत समुद्रसपाटीपासून किती उंचीवरच्या जागेपर्यंत पोहोचलं. विक्रमांच्या यादीत जवळपास नेहमी हा तिसरा आकडा असतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो.

जपानमधली ११ मार्च २०११ ची त्सुनामी पाहा. मियाको शहराच्या परिसरात पाणी सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. याचा अर्थ समुद्रात ४० मीटरची उभी भिंत आली होती असा नाही. तिथला किनारा खाचाखोचांचा आहे. अरुंद, आत निमुळत्या होत गेलेल्या खाड्यांमध्ये पाणी शिरलं, दोन्ही बाजूंनी आवळलं गेलं आणि वाट मिळेल तिथे वर चढलं. फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाजवळ तीच त्सुनामी १४ ते १५ मीटरची होती. प्रकल्पाच्या सुरक्षेसाठी ५.७ मीटर गृहीत धरले होते. सेंडाईच्या सपाट मैदानात उंची आणखी कमी होती, पण पाणी काही ठिकाणी पाच किलोमीटर आत गेलं. एकच भूकंप, एकच त्सुनामी आणि प्रत्येक गावाचा आकडा वेगळा.

उंचीपेक्षा भयंकर गोष्ट आहे ती लांबी. दोन मीटरची साधी लाट येते, फुटते आणि काही सेकंदांत परत जाते. जुहूला किंवा गणपतीपुळ्याला पावसाळ्यात याहून मोठ्या लाटा लोक उभं राहून बघतात. दोन मीटरची त्सुनामी फुटून मागे जात नाही. नदीला पूर यावा तसं पाणी दहा-पंधरा मिनिटं येतच राहतं, आणि तेही स्वच्छ पाणी नव्हे. त्यात गाड्या, होड्या, पत्रे, लाकडं असतात. मग तेच सगळं घेऊन ते परत समुद्राकडे ओढत नेतं. 'फक्त एक मीटरची त्सुनामी' या बातमीवर हसणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गुडघाभर वाहत्या पाण्यातसुद्धा माणसाला उभं राहणं अवघड होतं.

मग ५२४ मीटरचं काय?

लिटुया बे ही सुमारे ११ किलोमीटर लांबीची, चहूबाजूंनी उंच कड्यांनी वेढलेली खाडी आहे. तिच्या टोकाशी हिमनद्या उतरतात. १९५८ च्या त्या रात्री सव्वादहाच्या सुमारास जवळच ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याने थेट लाट तयार केली नाही. त्याने खाडीच्या टोकाचा एक कडा सैल केला. सुमारे तीन कोटी घनमीटर खडक जवळपास ९०० मीटर उंचीपर्यंतच्या उतारावरून थेट पाण्यात कोसळला.

काठोकाठ भरलेल्या बादलीत वरून धोंडा टाकला तर काय होईल? पाणी समोरच्या बाजूला उसळलं आणि पलीकडच्या डोंगरावर ५२४ मीटरपर्यंत चढलं. ही उंची त्या क्षणी कुणी मोजली नाही. नंतर पाहणी झाली तेव्हा डोंगरावर तेवढ्या उंचीपर्यंत झाडं आणि मातीसुद्धा शिल्लक नव्हती, नुसता खडक उघडा पडला होता. त्याच्या वर जंगल जसंच्या तसं. ती रेषाच मोजपट्टी ठरली. गंमत म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉन मिलर यांनी आधीच या खाडीत अशा जुन्या रेषा पाहिल्या होत्या. कड्यावर ठरावीक उंचीच्या खाली सगळी झाडं तरुण आणि वर म्हातारी. म्हणजे असे प्रकार तिथे पूर्वीही घडले होते.

त्या रात्री खाडीत मासेमारीच्या तीन बोटी होत्या. पहिलीवर एक बाप आणि त्याचा लहान मुलगा होता. नांगर निघेना, साखळी तुटली आणि बोट लाटेवर चढून पलीकडे उतरली. दोघे वाचले. दुसऱ्या बोटीवरचं जोडपं खाडीच्या तोंडाशी असलेल्या जमिनीच्या पट्ट्यावरून, झाडांच्या शेंड्यांवरून समुद्रात फेकलं गेलं. बोट बुडाली, पण तेही वाचले. तिसरी बोट बाहेर पडायचा प्रयत्न करत होती. ती आणि तिच्यावरचे दोघे पुन्हा दिसले नाहीत.

दोन बोटींवरचे लोक वाचले याचं कारण सरळ आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर लाट खूपच बुटकी झाली होती. वाचलेल्यांच्या अंदाजानुसार ती ५० ते ७५ फुटांची असावी. ५२४ मीटर हा समोरच्या डोंगरावर उडालेल्या पाण्याचा आकडा आहे, महासागर ओलांडणाऱ्या लाटेचा नाही.

दरड कोसळून तयार होणाऱ्या लाटांचं हेच वैशिष्ट्य आहे. जवळ प्रचंड उंच, पण उगम छोट्या जागेत, त्यामुळे पसरताना लवकर विरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रीनलंडच्या डिकसन फियोर्डमध्ये डोंगराचा भाग कोसळून सुमारे २०० मीटर उंच लाट उसळली. तिथे वस्ती नव्हती, म्हणून कुणाला लगेच कळलंही नाही. मात्र पाणी त्या अरुंद खाडीत नऊ दिवस इकडून तिकडे हिंदकळत राहिलं आणि त्याची थरथर जगभरच्या भूकंपमापकांवर उमटली. हा कसला सिग्नल आहे, हे उलगडायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

वस्ती जवळ असेल तर मात्र छोटा उगमही पुरतो. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात ढासळला. मोठा भूकंप झाला नव्हता, त्यामुळे इशाराही निघाला नाही. चारशेहून अधिक लोक गेले.

भूकंपातून येणाऱ्या त्सुनामीला वरची मर्यादा असते का? व्यवहारात असते. समुद्रतळ एका झटक्यात किती मीटर उचलला जाऊ शकतो, यालाच मर्यादा आहे. म्हणून आधुनिक काळातल्या सर्वात मोठ्या भूकंपांनंतरही पाणी ४०-५० मीटरच्या पलीकडे चढल्याच्या नोंदी सापडत नाहीत. हॉलिवूडच्या सिनेमात गगनचुंबी इमारतींवरून कोसळणारी लाट हवी असेल तर लघुग्रह लागेल. डायनोसॉरचा अंत करणारा लघुग्रह ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ आदळला, तेव्हाची सुरुवातीची लाट दीड किलोमीटर उंच असावी असं संगणकीय गणित सांगतं.

मुंबईत त्सुनामी आली होती

हे अनेकांना माहीत नसतं. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथेही एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. मकरान आणि कच्छच्या किनाऱ्यांना तडाखा बसला आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी मुंबईत पोहोचलं. उंची साधारण दोन मीटर. होड्या दोरखंड तोडून गेल्या. वर्सोवा आणि हाजी अलीसह शहरात मिळून सुमारे १५ जण वाहून गेल्याची नोंद आहे.

मकरान ते मुंबई हे अंतर फार नाही, मग पाच तास का लागले? उत्तर वर आलेल्या सूत्रातच आहे. मुंबईसमोरचा समुद्र सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत उथळ आहे. ८० मीटर खोलीच्या पाण्यात त्सुनामीचा वेग ताशी शंभर किलोमीटरवर येतो, त्यामुळे या शेवटच्या पट्ट्यातच तिचे तीनेक तास गेले असणार. या उथळ समुद्राने मुंबईला वेळ दिला. पण १९४५ मध्ये त्या वेळेचा उपयोग करून इशारा देणारं कुणी नव्हतं.

समुद्र मागे गेला नाही तर?

समुद्र अचानक मागे हटला की त्सुनामी येते, हे २००४ नंतर सगळ्यांना पाठ झालं आहे. थायलंडमध्ये तसंच झालं. फुकेतच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने शाळेत नुकताच शिकलेला भूगोल आठवून आईवडिलांना सावध केलं आणि किनारा रिकामा झाला. पण हे अर्धंच ज्ञान आहे. त्या भूकंपात भेगेच्या पूर्वेकडचा तळ खाली बसला, म्हणून थायलंडकडे आधी खळगा गेला आणि समुद्र ओसरला. पश्चिमेकडचा तळ वर आला, म्हणून श्रीलंका आणि तमिळनाडूकडे आधी उंचवटाच आला. नागपट्टिणमच्या लोकांना समुद्र मागे जाण्याची पूर्वसूचना मिळालीच नाही. त्या एका जिल्ह्यात सुमारे ६ हजार माणसं गेली.

दुसरा गैरसमज पहिल्या लाटेबद्दलचा. श्रीलंकेत पेरलियाजवळ पहिल्या लाटेने एक प्रवासी रेल्वेगाडी थांबली. आसपासचे लोकही ती भक्कम म्हणून तिच्यावर चढले. त्यानंतर आलेली लाट कितीतरी मोठी होती. गाडीत आणि तिच्या आसपास १,७०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त लोक मेले. त्सुनामी ही लाटांची मालिका असते आणि सर्वात मोठी लाट तासाभराने किंवा नंतरही येऊ शकते.

सुमात्राजवळचं सिमेलू बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथे ७५ हजारांहून जास्त लोक राहत होते, गेले फक्त सात. १९०७ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी 'स्मोंग' हा शब्द गोष्टींमधून आणि पाळण्यातल्या गाण्यांमधून पुढच्या पिढ्यांना दिला होता. जमीन जोरात हलली की टेकडी गाठायची, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात २००७ पासून हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र चालतं. भूकंपमापक, समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांच्याकडून माहिती येते. भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत पहिलं पत्रक निघतं. तळावरची यंत्रं हजारो मीटर पाण्याखालून पृष्ठभागावरचा एखाद्या सेंटीमीटरचा फरकही ओळखू शकतात.

सुमात्राला भूकंप झाला तर चेन्नईला अडीच तासांच्या आसपास वेळ मिळतो आणि मकरानला झाला तर मुंबईला काही तास. निकोबारचं तसं नाही. ती बेटं भेगेच्याच वर आहेत. २००४ मध्ये भारताचं दक्षिण टोक असलेलं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली बसलं आणि तिथल्या दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. तिथे लाट काही मिनिटांत येते, पत्रकाच्या आधीसुद्धा. त्यामुळे निकोबारमध्ये जमीन उभं राहता येऊ नये इतकी हलली किंवा बराच वेळ हलत राहिली, तर मोबाइल न बघता उंचावर जायचं आणि 'आता परत या' असं प्रशासन सांगेपर्यंत तिथेच थांबायचं.